शिंगाचा मूळ रंग

पोळा होऊन पंधरा दिवस झाले की मराठवाड्यातल्या कुठल्याही आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर, बैलांची शिंगं बघावीत. लाल ऑइल पेंटचे पोपडे सुटलेले असतात, मधेच बेगडीचा तुकडा चिकटून राहिलेला असतो, बुडाशी हळदीचा पिवळा ओघळ आणि टोकाला शेंबीखाली, म्हणजे पितळी टोपणाखाली, हिरवट डाग. त्याच गावात एखादा जुना वाडा असेल आणि त्याच्या ढेलजेत, म्हणजे दारालगतच्या ओसरीत, सांबराची किंवा चितळाची शिंगं टांगलेली असतील, तर त्यांच्यावर माळवदातून, म्हणजे मातीच्या धाब्यातून, गळलेल्या पांढऱ्या मातीचे ओघळ, रंगकामाच्या वेळी उडालेले चुन्याचे शिंतोडे आणि कुणीतरी हौसेनं फासलेलं वार्निश. दोन्ही ठिकाणी माणसं एकच गोष्ट विचारतात: याचा मूळ रंग परत कसा आणायचा? उत्तरं मात्र एकमेकांच्या अगदी उलट आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्याला लावलं की शिंग कायमचं खराब होतं, आणि हे फार वेळा होतं.

बैलाचं शिंग म्हणजे हाडाच्या सुळक्यावर चढलेलं टरफल. नखं, केस, खूर ज्या केराटिनचे बनतात त्याचंच ते. बुडाशी वाढतं, वाढत वर सरकतं आणि जनावराला जन्मभर पुरतं. काळा, राखी, पिवळसर, काळ्यावर पांढरी रेघ, असा जो काही रंग त्याला असतो तो वाढतानाच टरफलाच्या सगळ्या जाडीत बसलेला असतो. सांबर-चितळाचं शिंग मात्र निव्वळ हाड. ते गळून पडतं आणि पुन्हा नवं उगवतं. वाढत असताना त्यावर मऊ लव असलेली कातडी असते. वाढ पुरी झाली की ती वाळते आणि जनावर झाडाझुडपांवर शिंग घासून ती काढून टाकतं. त्या क्षणी खालचं हाड फिकट असतं. पुढं वाळलेलं रक्त, सालींचा रस, चिखल हे सगळं त्यात मुरतं आणि गडद तपकिरी रंग चढतो. म्हणजे हा रंग कमावलेला आहे आणि तो अगदी वरच्या पातळ थरात आहे.

म्हणून बैलाचं शिंग खरवडलं तर खाली तोच रंग निघतो. सांबराचं खरवडलं तर खाली पांढरं हाड निघतं आणि तो तपकिरी रंग पुन्हा आपोआप येत नाही. पुढचं सगळं काम या एका फरकावर चालतं.

आधी बैलाचं बघू, कारण ते जिवंत आहे आणि तिथं चूक झाली तर दुखतं.

शिंगावर काय लावलंय हे ओळखल्याशिवाय हत्यार हातात घेऊ नये. ओलं पांढरं फडकं घेऊन शिंग जोरात पुसावं. फडक्याला विटकरी माती लागली तर तो गेरू. त्याला साधं पाणी आणि शिकेकाई पुरेशी. पिवळं लागलं तर खांदेमळणीची, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे मळताना लावलेली, हळद. हळदीला साबण लावू नये, साबणातल्या क्षारानं ती लाल होते आणि डाग आणखी भडक दिसतो. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. बैल चार-आठ दिवस उन्हात वावरला की ती आपली आपण उडते. फडक्याला गुलाबी किंवा जांभळं लागत राहिलं आणि कितीही पुसलं तरी थांबेना, तर तो गुलालातला किंवा कापड रंगवायचा रंग. हा प्रकार चिवट. केराटिन लोकरीच्याच जातीचं असल्यामुळं लोकरीचे रंग शिंगालाही धरतात आणि आत मुरतात. तो काढायच्या नादात अर्धं शिंग साळून टाकणारी माणसं आहेत. ते करू नये. यातले बरेच रंग उन्हानं फिके पडतात, उरलेल्यासाठी थांबावं.

फडक्याला काहीच लागलं नाही आणि शिंग चकचकीत, गुळगुळीत दिसत असेल, तर तो ऑइल पेंट. आज बहुतेक ठिकाणी हाच असतो.

ऑइल पेंट काढायची सगळ्यात सोपी वेळ म्हणजे पोळ्याची रात्र किंवा दुसऱ्या दिवशीची सकाळ. तेव्हा रंग वरून वाळलेला असला तरी आतून कच्चा असतो. करडईचं तेल फडक्यावर घेऊन चोळलं तर बराचसा निघून येतो. पण सणाच्या रात्री रंग पुसायला कुणाचं मन होत नाही, हे खरंच आहे. आठवडा-दोन आठवडे गेले की रंग कडक होतो आणि मग तेलाचं काम राहत नाही. तेव्हा पाण्यानं काम करायचं. शिंग पाणी पितं आणि किंचित फुगतं, रंगाचा वाळलेला पापुद्रा फुगत नाही. त्यामुळं दोघांमधली पकड सुटते.

त्यासाठी पोत्याचे वीतभर रुंदीचे पट्टे कोमट पाण्यात भिजवावेत, पिळून शिंगाभोवती गुंडाळावेत आणि वरून सुतळी बांधावी. बुडापासून चार बोटं जागा मोकळी सोडावी. दीड ते दोन तास पट्टा ओला ठेवावा, दर अर्ध्या तासानं वरून थोडं पाणी सोडावं. पाणी कानात उतरू देऊ नये. बैल डोकं झटकायला लागतो आणि पुढचं काम बिघडतं. भर उन्हात हे करू नये, पट्टा वाळतो आणि बैलही कावतो. सकाळी वैरण टाकून झाल्यावरची वेळ चांगली. बैलाला आखूड दाव्यानं खांबाला बांधावं आणि म्होरकी घरच्या, त्याच्या सवयीच्या माणसानं धरावी. एकट्यानं हे काम करू नये. बैल सहज मान फिरवतो, आणि त्याच्या शिंगाची उंची आपल्या डोळ्याची असते.

पट्टा सोडला की लगेच खरवडायला घ्यावं, कारण शिंग वाळलं की रंग परत आवळतो. पहिल्यांदा सुरीची बोथट पाठ वापरावी. सुटलेले पोपडे तिनंच निघतात. चिकटून राहिलेल्या भागासाठी हॅक्सॉ ब्लेडचा बिनदाताचा काठ घ्यावा, शिंगाला जवळजवळ काटकोनात उभा धरावा आणि बुडाकडून टोकाकडं हलक्या हातानं ओढावा. उलट, टोकाकडून बुडाकडं ओढलं तर टरफलाचे थर उचलले जातात आणि तिथं फाटे पडतात. गावोगाव काचेच्या तुकड्यानं शिंगं साळायची रीत आहे. काच काम झटपट करते हे मान्य, पण ती खोल जाते, तिचे कपचे उडतात आणि बैलाचा डोळा तिथून वीतभरावर असतो. काच वापरू नये असंच मी म्हणेन.

खाली ताडपत्री अंथरलेली असावी. ही गोष्ट किरकोळ वाटते, पण सगळ्यात महत्त्वाच्यांपैकी एक आहे. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नको असा नियम २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. पण घराच्या कोपऱ्यात पडलेला जुना डबा त्याआधीचा असू शकतो आणि पोळ्याला नेमका तोच उघडला जातो. जनावरं रंगाचे पापुद्रे चाटतात, आणि शिसं चाटल्यानं गुरांना होणारी विषबाधा जीवघेणी असते. म्हणून खरवडलेला सगळा चुरा गोळा करून डब्यात बंद करावा. उकिरड्यावर टाकू नये, जाळू तर अजिबात नये. हिंगूळ लावलेलं असेल तर हेच दुपटीनं पाळावं, कारण अस्सल हिंगूळ पाऱ्याचा असतो आणि तापला की पारा वाफ होऊन हवेत जातो.

शेंदराबद्दलही इथंच सांगतो. शेंदूर शिशाचा. शिंगाच्या केराटिनमध्ये गंधक असतं. शिसं आणि गंधक एकत्र आले की काळा पदार्थ तयार होतो, आणि चुन्याचा क्षार मिळाला तर तो आतपर्यंत उतरतो. शिंगाच्या वस्तू करणारे जुने कारागीर याच युक्तीनं फिकट शिंगाला गडद ठिपके पाडायचे. म्हणून शेंदूर लावलेल्या शिंगाला चुन्याची निवळी किंवा धुण्याचा सोडा लावून घासलं, तर डाग जायच्या ऐवजी कायमचा बसतो. क्षारानं केराटिन विरघळतंही. कॉस्टिक सोडा, रंग काढायचं बाजारी रसायन, ॲसिड, यातलं काहीही जिवंत शिंगाला लावू नये.

शेंबीखालचा हिरवा डाग पितळेतल्या तांब्याचा. शेंबीच्या आत घाम, पाऊस, शेण साचून राहतं आणि टोक कुजतं. पोळा झाला की शेंबी उतरवावी. अर्ध्या लिंबाच्या रसात भिजवलेला कापूस दोन मिनिटं डागावर धरला की हिरवं सुटतं, मग भरपूर पाण्यानं धुवावं. टोकाला आत हाड नसतं, सगळं भरीव केराटिन असतं, म्हणून तिथं एवढं चालतं. बुडाशी चालत नाही.

आता खरा घोटाळ्याचा क्षण. रंग निघाला, शिंग वाळलं, आणि ते पांढुरकं, राखट, निर्जीव दिसायला लागलं. इथं माणूस घाबरतो. काळं कुळकुळीत शिंग गेलं कुठं? मग कुणी ट्रॅक्टरचं काळं ऑइल आणतं, कुणी बूटपॉलिश. खरं तर रंग कुठंच गेलेला नाही. खरवडल्यानं पृष्ठभागावर हजारो बारीक ओरखडे पडलेत आणि त्यांच्यावर उजेड विखुरतोय. ओरखडे पडलेली काच धुरकट दिसते, तसंच हे. बोट ओलं करून शिंगावर फिरवून बघावं, तेवढ्या पट्ट्यात मूळ रंग लगेच उजळून दिसतो. हा रंग बाहेरून आणायचा नसतो, त्याच्या वाटेतले ओरखडे काढायचे असतात.

ते काढायला पॉलिश पेपर. आधी १५० नंबर, मग २४०, शेवटी ४०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात बुडवून. १५० नंबर फक्त ब्लेडच्या खुणा जाईपर्यंत. तो जास्त फिरला की शिंग उगाच झिजतं. प्रत्येक नंबरानंतर ओल्या फडक्यानं भुकटी पुसून घ्यावी, कारण आधीच्या पेपरचा एक दाणा राहिला तरी तो पुढच्या कामात रेघा ओढत जातो. कोरडं घासू नये. कोरड्या शिंगाची धूळ नाकात जाते आणि घर्षणानं शिंग तापलं की जळक्या केसांचा वास सुटतो. असा वास आला म्हणजे हात जड पडतोय.

शेवटी तेल. एका शिंगाला अर्धा चमचा तेल खूप झालं. फडक्यावर घेऊन चोळावं, पंधरा मिनिटं मुरू द्यावं आणि उरलेलं कोरड्या फडक्यानं पुसून काढावं. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल वाळत नाही, ओलसर राहतं आणि त्यावर धूळ बसते. जवसाचं तेल वाळून पातळ पापुद्रा धरतं आणि रंग खोल दिसतो, पण दरवर्षी थरावर थर चढवले तर पिवळट काळपट होतं. करडई दोन्हींच्या मधली, आणि आपल्याकडं घराघरांत असते. मला तीच योग्य वाटते. जास्त टिकाऊ चमक हवी असेल तर एक भाग मधाचं मेण आणि चार भाग करडईचं तेल, गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवावं, थंड झाल्यावर मधल्या आणि टोकाच्या भागाला बोटानं लावावं. वापरलेलं इंजिन ऑइल मात्र नको. बैल एकमेकांना चाटतात, ते पोटात जातं.

जवसाचं तेल वापरलंच तर त्या चिंध्यांची काळजी घ्यावी. हे तेल हवेतला प्राणवायू घेऊन वाळतं आणि वाळताना तापतं. तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर आतली ऊब साठत जाऊन तो आपोआप पेट घेऊ शकतो. आखाड्यावर शेजारीच कडब्याची गंज असते. चिंध्या एकेक पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

साळावं किती, याचं माप मी कडक ठेवेन. रंग निघाला की थांबायचं. गुळगुळीत, एकसारखं दिसावं म्हणून बुडाशी असलेल्या कड्या सपाट करायच्या नाहीत. बुडाशी टरफल पातळ असतं आणि त्याच्या लगेच खाली रक्ताचा, जाणिवेचा जिवंत थर असतो. तिथं हात ठेवला तर ऊब लागते ती त्याचीच. त्याच्या खाली हाड, आणि मोठ्या बैलात ते हाडही आतून पोकळ, कपाळाच्या पोकळीला जोडलेलं. तिथं खोल इजा झाली तर संसर्ग थेट आत जातो. म्हणून ती चार बोटं सोडायची ती सोडायचीच.

आणखी एक कारण आहे. बैलांना शिंगाचा कर्करोग होतो, आपल्या देशात तो चांगला ओळखीचा आहे, आणि गायींपेक्षा बैलांत कितीतरी जास्त दिसतो. साधारण पाच ते दहा वर्षांच्या, ऐन कामाच्या वयात. शिंगं वारंवार साळणं, रंगवणं, दोरानं किंवा जुवानं बुडाशी सतत घासणं, ऊन, हे सगळं त्याला हातभार लावतं असं पशुवैद्यक मानतात. त्यामुळं रंग काढताना दोन्ही शिंगांचं बूड हातानं चाचपून बघावं. एक बाजू दुसरीपेक्षा मऊ लागली, शिंग किंचित हललं किंवा कललं, बैल तेच शिंग खांबाला घासत राहिला, मान एका अंगाला धरू लागला, डोकं झटकू लागला, किंवा त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्ताळ, वास मारणारं पाणी आलं, तर तिथंच थांबावं. ही वेळ तेलाची नव्हे, डॉक्टरची. लवकर कळलं तर शिंगाच्या नसेला भूल देऊन शिंग मुळापासून काढतात आणि बैल वाचतो. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, दोन्हीकडं जनावरांचे दवाखाने आहेत. जात लाल कंधारी असो की देवणी, बैलजोडीवर घर चालत असताना एवढी धावपळ करायला हरकत नाही.

जनावरांच्या बाजारात याच शिंगांचा दुसरा उपयोग होतो. हाळी-हंडरगुळीचा बाजार असो की माळेगावची यात्रा, ताज्या रंगाखाली तडे, जुनी मोड, कुजलेलं टोक झाकलं जाऊ शकतं. घेणारा वय दातांवरून बघतोच, पण शिंगही ओल्या फडक्यानं पुसून आणि बूड दाबून बघावं.

पुढच्या पोळ्याला काय लावायचं, तर दोन चमचे बारीक चाळलेला गेरू आणि तेवढ्याच करडईच्या तेलाचं घट्टसर मिश्रण. सणापुरता लाल रंग भरपूर, अंगरख्याला लागतो हे खरं, पण नंतर शिकेकाईच्या पाण्यानं निघून जातो आणि खरवडायची वेळच येत नाही. बेगड चिकटवायची तर तीही तेलावरच बसते, वार्निश लागत नाही.

आता ढेलजेतली शिंगं.

इथं ब्रश उचलण्याआधी कागद बघावा लागतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं वन्यप्राण्याचं शिंग घरात ठेवायला मालकी प्रमाणपत्र लागतं. ज्यांच्याकडं जुनी शिंगं होती पण कागद नव्हते, त्यांना २००३ च्या नियमांनी ती जाहीर करायला १८० दिवसांची मुदत दिली होती, ती केव्हाच संपली. जंगलात गळून पडलेलं शिंगसुद्धा सरकारची मालमत्ता आहे. किनवटच्या किंवा गौताळ्याच्या रानात सापडलं म्हणून उचलून आणता येत नाही. वाड्यातल्या शिंगाचा कागद सापडत नसेल तर ते साफ करायच्या आधी वन विभागाशी बोलावं. कागद असेल आणि शिंगावर नोंदणीची खूण किंवा क्रमांक असेल, तर त्या जागेला हात लावू नये.

सांबराचं शिंग जाड, खडबडीत, खोल पन्हळींचं. चितळाचं सडपातळ आणि बरंच गुळगुळीत. रंग पन्हळींत गडद, उंचवट्यांवर फिका, टोकांना जवळजवळ पांढरा. हा चढ-उतार म्हणजेच त्याचा मूळ रंग. सगळीकडं एकसारखं तपकिरी केलेलं शिंग लांबूनही रंगवलेलं कळतं.

पहिल्यांदा कोरडं काम. मऊ ब्रशनं धूळ झटकावी. माळवदाची माती आणि चुन्याचे शिंतोडे बांबूच्या टोकदार काडीनं एकेक करून उचकटावेत. लोखंडी टोचा वापरला तर त्याची रेघ पांढरी उमटते. चुना जातो म्हणून लिंबू, व्हिनेगर किंवा बाथरूमचं ॲसिड लावायचा मोह होतो. हाड कॅल्शियमचं असतं, चुनाही कॅल्शियमचा. जे ॲसिड चुना खातं ते शिंगही खातं. बैलाच्या टोकाला दोन मिनिटं चाललेलं लिंबू इथं चालत नाही.

मग ओलं काम, पण बुडवायचं नाही. पाणी आत शिरलं आणि बाहेरून लवकर वाळलं की शिंगाला उभे तडे जातात. कापसाची काडी पाण्यात बुडवून जवळजवळ कोरडी करून फिरवावी, काळी झाली की टाकून नवी घ्यावी. चुलीच्या धुराचा चिकट थर असेल तर अर्धं पाणी अर्धं स्पिरिट. मधूनमधून थांबून कापूस बघत राहावा. राखाडी-काळं येतंय तोवर ती काजळी. तपकिरी यायला लागलं की थांबायचं, ते शिंगाचं स्वतःचं आहे.

वार्निश असेल तर मागच्या बाजूला, बुडाजवळ, स्पिरिटचा बोळा मिनिटभर टेकवून बघावा. चिकट झालं तर ती चपडी, म्हणजे लाखेचं पॉलिश. दोन-दोन बोटांची जागा घेऊन स्पिरिटनं पुसत जावं, विरघळलेली चपडी पन्हळींत परत वाळायच्या आत टिपून घ्यावी. स्पिरिटनं काहीच झालं नाही तर तो ऑइल पेंट किंवा तेलाचं वार्निश. ते बांबूच्या काडीनं जेवढं निघेल तेवढंच काढावं. पॉलिश पेपर लावू नये. पेंटबरोबर रंगाचा थरही जातो.

खिळ्याच्या गंजाचा डाग मात्र सोडून द्यावा. गंज ओढणारं जवळजवळ प्रत्येक रसायन हाडातलं कॅल्शियमही ओढतं. खिळा बदलून टाकावा, डाग तसाच ठेवावा.

एवढं करूनही काही भाग पांढरे पडलेले असतात. पूर्वी कुणी ब्लीचिंग पावडरनं घासलेलं असतं किंवा शिंग वर्षानुवर्षं गच्चीवर उन्हात पडलेलं असतं. अशा जागी रंग पुन्हा द्यावा लागतो, आणि त्यासाठी पोटॅशियम परमँगनेटचे जांभळे खडे सगळ्यात चांगले. १०० मिली पाण्यात १ ग्रॅम, काचेच्या ग्लासात. हातमोजे हवेत, नाहीतर बोटं आठवडाभर तपकिरी राहतात. ब्रश स्वस्तातला नायलॉनचा; केसांचा ब्रश हे द्रावण खाऊन टाकतं. आधी ती जागा साध्या पाण्यानं किंचित ओली करावी, म्हणजे रंग डबक्यासारखा एकाच ठिकाणी शोषला जात नाही. मग पातळ हात मारावा. लावताना जांभळं दिसतं, पाच-दहा मिनिटांत त्याचं तपकिरी होतं. परमँगनेट हाडातल्या सेंद्रिय भागाशी लढतं आणि मँगनीजचा तपकिरी पदार्थ मागं ठेवतं, तोच हा रंग. घाई करून जाड द्रावण लावलं तर काळपट जांभळा थापटा बसतो. पातळ हात, पूर्ण वाळवणं, शेजारच्या जुन्या रंगाशी उजेडात जुळवणं, मग दुसरा हात. ब्लीच केलेलं हाड भुसभुशीत असतं आणि रंग अधाशासारखा पितं, तिथं द्रावण निम्मं पातळ करावं.

प्रत्येक हातानंतर ओल्या फडक्यानं उंचवटे हलके पुसावेत, पन्हळी तशाच ठेवाव्यात. टोकांना ब्रश लावूच नये. कुठं जास्त गडद झालं तर ५०० मिलीग्रॅमची व्हिटॅमिन सीची एक साधी पांढरी गोळी अर्धा कप पाण्यात विरघळवून त्यात कापूस भिजवावा आणि टेकवावा. तपकिरी झटकन उडतं. लगेच साध्या पाण्यानं पुसून घ्यावं, कारण तेही सौम्य आम्लच आहे.

काहींना परमँगनेट नको असतं. काताचं पाणी किंवा कडक चहाही चालतो; रंग जरा पिवळसर येतो आणि चार-पाच हात लागतात. मात्र ते लोखंडी कढईत उकळू नये. कात आणि चहातलं टॅनिन लोखंडाला भेटलं की काळं होतं.

परमँगनेटबाबत दोन गोष्टी विसरू नयेत. त्याचे खडे ग्लिसरीनला लागले तर आग लागते, म्हणून दोन्ही एका कपाटात ठेवू नयेत. आणि ज्या शिंगाला आधी तेल चोळलेलं आहे त्यावर हा रंग ठिगळा-ठिगळानं बसतो. तेल स्पिरिटनं पूर्ण काढून, दिवसभर वाळवून मगच हात घालावा.

वाड्यात काळविटाची पिळाची शिंगं असतील तर ती या वर्गात धरू नयेत. ती बैलासारखी केराटिनची, हाडावर टरफल चढलेली. त्यांचा रंग आतलाच. त्यांना परमँगनेट नको, खरवडणंही नको, कारण पीळ आणि कड्या हेच त्यांचं रूप. ओल्या कापसानं पुसणं पुरेसं. टरफलात किडीची भोकं आणि खाली बारीक भुसा दिसला तर शिंग प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून बाकीच्यांपासून वेगळं ठेवावं.

सांबर-चितळाच्या शिंगाला शेवटी तेल लावू नये. तेल हाडात मुरतं, पिवळं पडतं आणि धूळ धरतं. रंग पक्का वाळल्यावर, निदान दोन दिवसांनी, मेणाचा अगदी पातळ हात द्यावा आणि मऊ फडक्यानं चोळून काढावा. तोही उंचवट्यांवरच, पन्हळींत साचलेलं मेण पांढरं दिसतं. परत टांगताना भिंतीला टेकवू नये, मागं लाकडाचा ठोकळा देऊन दोन बोटं अंतर ठेवावं, म्हणजे पावसाळ्यात भिंतीचा ओलावा त्यात उतरत नाही. खिळा पितळेचा किंवा स्टीलचा घ्यावा, आणि चुलीच्या, देव्हाऱ्यातल्या समईच्या वाटेवरची जागा टाळावी.